पडद्याच्या शिवणीत अडकलेले इंटरनेट

सुज्ञ वाचकहो, एका शिंप्याच्या घरचे इंटरनेट कसे अडखळले आणि त्यापायी त्याच्या कन्येची नोकरी जाता जाता कशी बचावली, याचा यथास्थित वृत्तांत येथे सादर करीत आहे. तो शिंपी म्हणजे मीच!

त्या दुपारी कन्येची मुलाखत लॅपटॉपवर होणार होती. दोन ठिकाणचे नकार पचवून तिला ही संधी लाभली होती. आणि लॅपटॉपवर ते गोल चक्र फिरत होते, नुसते फिरत होते!

"बाबा, तासाभरात मुलाखत आहे! काहीतरी करा ना!"

"चिंता नसावी!" मी उद्गारलो. "ज्या हातांनी कोट शिवले, त्यांना एक तार भारी आहे काय?"

"त्याच हातांनी मिक्सर दुरुस्त केलात," पत्नी आतून म्हणाली, "तेव्हापासून मी कुटतेय!"

मी तिकडे दुर्लक्ष करून घरच्या टेलिफोनवरून तक्रार केंद्रास पाचारण केले. एक मृदुभाषी भगिनी लाभल्या. "सर, भिंतीतली तार काढून परत लावा." मी तार काढली. भगिनी अंतर्धान पावल्या! पुन्हा फोन, दुसऱ्या भगिनी, तीच आज्ञा, पुन्हा अंतर्धान!

"अहो, ज्या तारेवर बोलताय तीच उपटताय!" म्हणत पत्नीने आपला मोबाईल माझ्या हातात कोंबला.

तिसऱ्या भगिनींनी विचारले, "सर, तार कुठे दबलीय का?"

"छे! दृष्टीसही पडत नाही!" मी अभिमानाने वदलो. "लोंबकळती तार पाहून माझ्या जिवाला घोर लागे. म्हणून गेल्या आठवड्यात ती खिडकीच्या पडद्याच्या कडेत घालून शिवून टाकली. दुहेरी शिवण!"

"हाताने?"

"मशीनवर, ताई! बारीक टाका!"

"म्हणजे... सुई तारेतून गेली?"

"बाबा!" कन्या किंचाळली. "गेल्या आठवड्यापासूनच नेट रडतंय!"

"नेटच्या यंत्राच्या खोक्यात जादा तार आली होती ना, सर? ती लावा."

कन्या कपाटाकडे धावली. मी कात्रीने जुनी तार तोडून पडदा हिसकला, तो दांडीसकट माझ्या मस्तकावर अवतरला! परंतु नवी तार लागताच चक्र थांबले. चित्र आरशासारखे स्वच्छ!

त्या चित्रात मात्र कन्या कोळशासारखी काळी. पाठीमागच्या उघड्या खिडकीतून ऊन नुसते ओतत होते.

"बाबा, पडदा!"

दांडी वाकलेली, मुलाखत दारात. मी स्टुलावर चढून तिच्यामागे दोन्ही हातांनी पडदा ताणून धरला व स्वतः त्याआड लुप्त झालो. पाठीवर ऊन, नाकाशी कापडाची धूळ. मी श्वास रोखला. खूप रोखला.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारले, "गडबड, गोंधळ असताना डोकं शांत ठेवून काम जमेल?"

आणि मी शिंकलो! पडदा शिडासारखा फुगला. गेली नोकरी!

"जमेल, सर," कन्या शांतपणे म्हणाली. "आत्ताही तेच करतेय."

पलीकडे हास्याचा स्फोट झाला.

सायंकाळी निवडीचा फोन आला. पत्नीने डोळे पुसले व शिवणयंत्राला कुलूप घातले. "तार आहे तिथेच लोंबू दे!" ती बजावून गेली. साहेबांचा निरोपही होता: "तुमच्या पडद्याला सर्दीचं औषध द्या."

हा प्रपंच धीराने वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
ज्यास हल्ली गल्लीत सारे 'पडदाकाका' म्हणतात, तो