चंदीगड ते लेह, सव्वा तास

डाळ शिजायला किती वेळ लागेल असं विचारलं, की हौसाकाकू म्हणायच्या, "आर्धं लेह."

साताऱ्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे भाड्यानं खोली घेतली होती. आठवडाभरात उलगडा झाला. काकूंचा एकुलता एक मुलगा शंकर फौजेत होता, लडाखात. चीनच्या लढाईनंतरचे दिवस. तिकडं जवान विमानानं जायचे. काकू स्वतः कुंडलच्या माहेरापलीकडे कधी गेल्या नव्हत्या, पण "चंदीगड ते लेह, वरनं अडीचशे मैल, सव्वा तास!" हे आल्यागेल्याला ठणकावून सांगायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर कुंडलला निघाले. गाडी रखडली, तसा त्यांनी कंडक्टरला धरला. "तीन लेह लावता व्हय रं कुंडलला?"

"मावशी, लेह म्हंजी काय?" त्या बिचाऱ्यानं विचारलं. मग कऱ्हाड येईपर्यंत सगळ्या गाडीनं विमान ऐकलं.

शेजारच्या लग्नात नवरदेव मांडवात उशिरा आला, तर थेट त्याच्या बापालाच म्हणाल्या, "आवं पावणं, एवढ्यात आमचा शंकऱ्या लेहला उतरून च्या पिला आसता!"

त्यांचे यजमान अण्णा दम्यानं सोप्यातल्या खाटेवर पडून असत. बोलणं जवळजवळ नाहीच. विमानाचा विषय निघाला की मात्र मान डोलवत.

शंकर रजेवर आला, तेव्हा मी कौतुकानं त्याला विमानाचं विचारलं. तो हसला.

"सव्वा तास खराच हाय, बाई. पर ढग आलं की अर्ध्या वाटंवरनं माघारी. कवा कवा आठ आठ दिस चंदीगडातच बसून ऱ्हायाचं. डोंगराच्या मधनं जाताना मी डोळं मिटून बसतू. आईला सांगू नगा."

मी कबूल केलं.

रजा संपवून तो गेला आणि पोचल्याचं कार्ड काही येईना. काकू रोज सोप्यात उभ्या राहून पोस्टमनलाच झापत. "लेह हाकंवर हाय! तुमचं टपालच बैलगाडीनं येतंय!" अण्णा गालात हसत आणि पुढ्यातली भाकरी खात.

एका दुपारी मी परसात गेले, तर काकू धुण्याच्या दगडावर गप्प बसलेल्या. काकू आणि गप्प! मी धीर द्यायला म्हणाले, "येईल कार्ड, काकू. सव्वा तासाचा तर प्रवास."

"मला नगं सांगूस गं ते." नेहमी मला 'तुमी' म्हणणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या. "ढगातनं इमान माघारी फिरतंय, म्हाईत हाय मला. त्याच्या पलटणीतल्या पोरानं मागंच सांगितलंय. पर ह्यांस्नी ठावं न्हाई. सव्वा तास म्हनलं की चार घास जेवत्यात."

मग उठून, पदर खोचून त्या सोप्यात गेल्या, आणि पुन्हा त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला.

दोन दिवसांनी कार्ड आलं. शंकर सुखरूप पोचला होता. काकूंनी ते माझ्याकडून अण्णांसमोर मोठ्यानं वाचून घेतलं, अण्णांच्या हातावर गूळ ठेवला. अण्णा जेवून झोपले, तशी त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं. दोघींनी ताटं घेतली. त्यांनी भाकरी मोडली.

"लहानपणी आंब्याच्या खालच्या फांदीवर बसवला तरी, 'आये, उतरीव' म्हनून रडायचा गं," त्या म्हणाल्या आणि न विचारताच माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.