सव्वा तासाचा लेग बाय

ही गोष्ट ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावायची असेल तर आत्ताच लावा. हजेरी झालेली आहे, प्रश्नपत्रिका झेरॉक्स होऊन यायला अजून वीस मिनिटं आहेत. तेव्हा नव्या अंपायरांनी पाय पसरा, नव्या स्कोअररांनी पेन्सिली खाली ठेवा, आणि घड्याळजींनी एका पायावर उभं राहून सव्वा तास मॅच कशी रोखून धरली ते ऐका.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. डोळ्याला भिंग लावलं की मुंगीचे गुडघे मोजून देईल. सोमवार ते शनिवार दुकान, रविवारी अंपायरिंग. पण अंपायरिंगच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसरी संधी शेवटची. तीही हुकली तर पांढरा कोट क्लबात परत करायचा आणि जन्मभर सीमारेषेबाहेर बसून टाळ्या वाजवायच्या. त्यात मेहुणा पहिल्याच फटक्यात पास झालेला. घरी आला की चहाचा कप हातात घेऊन मुद्दाम विचारायचा, "काय भावोजी, यंदा उभे राहणार की बाहेर बसून टाळ्या वाजवणार?"

हे शब्द त्या कोटाच्या आत वर्षभर सुईसारखे टोचत होते.

घड्याळजींची बायको स्कोअरर. तिचीही परीक्षा त्याच दिवशी, त्याच मॅचला. वर्गात दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट हातोडीने बसवलेली: अंपायरने खूण करायची, स्कोअररने हात वर करून 'समजलं' असं कळवायचं, आणि तो हात दिसल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. मग आभाळ कोसळो.

आणखी एक खूण शिकवली होती. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घेऊन खांद्यांना लावायचे. अर्थ, आधी केलेली खूण चुकली, ती रद्द. घड्याळजी तेव्हा उभे राहून म्हणाले होते, "ही राहू द्या. ही मला लागायची नाही."

तर मॅच सुरू झाली. सीमारेषेपाशी परीक्षक फूटभर लांब वही घेऊन बसलेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घड्याळजींनी असं काम केलं की चेंडूसुद्धा त्यांना विचारून वळत होता. इकडे खूण, तिकडे हात. खूण, हात. नवराबायकोत इतकं एकमत लग्न झाल्यापासून कधी झालं नव्हतं.

इथेच डोक्यात हवा गेली. सुट्टीत डबा उघडून दोघं जेवायला बसली. घड्याळजींनी चष्मा काढून पुसला, बाजूला ठेवला, आणि तोंडात घास असताना म्हणाले, "तुझं आपलं बरं आहे. बसल्या जागी ठिपके काढायचे."

बायकोचा चमचा हवेतच थांबला.

"ठिपके?"

"नाहीतर काय? धाव नाही निघाली की ठिपका. सगळी अक्कल आम्ही मैदानात वापरायची, आणि तुम्ही ठिपके."

तिने डब्याचं झाकण लावलं. त्या झाकणाचा आवाज ऐकून परीक्षकांनी वर बघितलं म्हणतात. घड्याळजी ताठ मानेने मैदानात निघाले. मागून तिने काहीतरी हाक मारली, पण मानी माणूस वळून बघत नाही.

सुट्टीनंतरचा तिसरा चेंडू. फलंदाजाने बॅट फिरवली, चेंडू बॅटला चकवून पॅडवर आपटला आणि घरंगळत गेला. दोघं एक धाव पळाले. म्हणजे लेग बाय. घड्याळजींनी स्कोअररच्या टेबलाच्या दिशेने तोंड केलं, डावा पाय गुडघ्यात वाकवून वर उचलला, गुडघ्यावर हात ठेवला. आणि वाट बघू लागले.

हात वर येईना.

तिकडे निळ्या साडीतली बायको पाठ फिरवून बसलेली. हूं नाही की चूं नाही. वाऱ्याने पदर तेवढा हलतोय.

"रुसली," घड्याळजी मनात म्हणाले. "रुसू दे. नियम म्हणजे नियम."

बॉलर जवळ आला. "अंपायर, टाकू का?"

"हात दिसला?"

"कुणाचा?"

"मग नाही टाकायचा."

दहा मिनिटं गेली. बॉलरने कंटाळून स्वेटर काढला आणि घड्याळजींच्या खांद्यावर टाकला. विकेटकीपरने टोपी काढली; ठेवायला तो वर उचललेला गुडघा आयता मिळाला. मग बाकीच्यांनाही सुचलं. अर्ध्या तासात घड्याळजींच्या अंगावर सात टोप्या, चार स्वेटर आणि कुणाची तरी पाण्याची बाटली, असा सगळा संसार लटकत होता. फलंदाज घरी जाऊन दाढी करून आला. स्लिपमधल्या दोघांना डुलकी लागली. शेजारच्या मैदानावर मॅच बघायला आलेल्या एका आजोबांनी घड्याळजींना पुतळा समजून खाली नाव कुठे लिहिलंय ते शोधलं.

आणि ऊन? ऊन सरकत होतं, तशी त्यांची एकपायी सावलीही गवतावर फिरत होती. पॉइंटवर गेली की दोन, मिडऑफला टेकली की अडीच. लोक येऊन आपापली घड्याळं लावून घेत होते. व्यवसायच तो, बघा.

शेवटी घड्याळजींनी सीमारेषेवरच्या एका खेळाडूला ओरडून सांगितलं, "जा रे, आमच्या घरच्यांना विचार, हात वर करायला काय घेणार!"

तो गेला, परत आला. म्हणाला, "त्या म्हणतात, ठिपके काढणाऱ्या बाईचा हात एवढा वर जात नाही."

त्याने हातातून काहीतरी आणलं होतं, पण ते राहू द्या. नाही, सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही पुढचं ऐका.

घड्याळजींच्या पायात गोळे आले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो उजवा पाय त्यांनी... काय म्हणता, पहिल्या बाकावरच्या नर्सबाई? मघाशी डावा होता? बरोबर आहे. मध्ये बदलला. सव्वा तास एकच पाय कोण उचलून धरेल? विश्वास बसेल असं तरी बोला.

तर सव्वा तास झाला. घड्याळजींनी मनाचा हिय्या केला आणि सगळ्या मैदानादेखत बायकोला हात जोडले. सात टोप्या खाली पडल्या. आणि काय सांगू, त्या माउलीने हळूच मागे वळून पाहिलं, आणि तिचा हात वर आला! परीक्षक धावत आत आले. डोळे पुसत म्हणाले, "घड्याळजी, जगात नियम आहे तो तुमच्यासारख्यांमुळे. शंभरपैकी शंभर."

"खोटं," दारातून आवाज आला.

सगळा वर्ग वळला. स्कोअररांना शिकवणाऱ्या बाई झेरॉक्सचा गठ्ठा काखेत धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"सव्वा तास नाही, चार मिनिटं," बाई म्हणाल्या. "वहीत नोंद आहे. आणि रुसायला मला सवड कुठे होती? जेवणानंतर टेबलावर ऊन आलं म्हणून आम्ही ते झाडाखाली नेलं. तिथे मी दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. तुम्ही निळी ताडपत्री घातलेल्या पाण्याच्या टाकीला लेग बाय दाखवत होतात, घड्याळजी."

वर्गात कुणाच्या तरी हातून पेन्सिल पडली.

"मग त्या खेळाडूने काय आणलं होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"ह्यांचा चष्मा. डब्यापाशी विसरले होते. मी हाक मारली तर मानी माणूस वळला नाही."

"आणि शंभरपैकी शंभर?"

"ते मला मिळाले."

"मग कोट?"

बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला, एकेक कोपरा जुळवला. "कोट परत केला. म्हणून तर हे इथे तुमची हजेरी घेतात. आणि माझ्या भावाला मी त्या दिवसापासून घरात तो प्रश्न विचारू दिलेला नाही, हे मात्र ह्यांनी गोष्टीत घातलं नाही."

घड्याळजींनी हजेरीपट मिटला. उजवा हात डाव्या खांद्याला लावला, डावा उजव्या खांद्याला, आणि नियमाप्रमाणे तसेच उभे राहिले.

बाईंनी हात वर केला.

"दिसतोय ना?" त्यांनी विचारलं.