मास्तरांची डावी पोटरी

आपण आता मरणार, हे मास्तरांना टेपने मोजून कळलं.

दुकानात दुपारचं काम चाललं होतं. मास्तर मशीनवर शिवत होते, मुलगी हातशिलाई करत होती, बायको इस्त्री करत होती आणि शेजारचा केमिस्ट आपली पँट ढिली करून घ्यायला आला होता. औषधं विकून विकून हा गृहस्थ अर्धा डॉक्टर झाला होता. समोरचा माणूस घाबरला की तो पूर्ण व्हायचा.

"मास्तर, बैठं काम वाईट," तो म्हणाला. "पायातलं रक्त शिरांतून वर चढायला हवं. बसून राहिलं की ते तुंबतं, त्याची गाठ होते. ती सुटून फुप्फुसात गेली, की खेळ खलास!"

"आणि गाठ झालीय हे कळायचं कसं?"

"एक पोटरी दुसरीपेक्षा जाड होते."

दुसऱ्या कुणी पोटरी फार तर दाबून पाहिली असती. मास्तर पडले शिंपी. त्यांनी पँट वर केली, टेप लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डावी पोटरी चांगली दीड इंच जास्त भरत होती. टेपवर विश्वास बसेना म्हणून त्यांनी केमिस्टच्या पोटऱ्या मोजल्या. त्या मेल्या अगदी सारख्या निघाल्या.

"हलू नका!" केमिस्ट ओरडला. "हललात की गाठ सुटली!"

बायकोच्या हातून इस्त्री सुटली ती नेमकी टेबलावर पडलेल्या केमिस्टच्या पँटवर. तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दोघांनी मास्तरांना गिऱ्हाइकांच्या बाकावर आडवं केलं आणि पायाखाली अस्तराचे दोन तागे सरकवले.

"वकीलसाहेबांचा कोट..." मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "कापड तसंच पडलंय. सकाळी द्यायचा शब्द दिलाय."

सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी कामाला वाघ होती, पण कात्रीला मास्तरांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. 'कापायचं ते माझ्यामागे,' असं ते नेहमी म्हणायचे. ते 'मागे' आता दारात येऊन उभं राहिलं होतं.

"पोरी," मास्तर म्हणाले, "कात्री घे. आजपासून कापायचं तू."

"खरंच, बाबा?" तिचे डोळे भरून आले. ते बाबांसाठी की कात्रीसाठी, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

केमिस्टने बाकाचं पुढचं टोक धरलं, समोरच्या किल्लीवाल्याने मागचं, आणि मास्तर भर रस्त्यातून आडवे निघाले. बायको त्यांचा पाय धरून शेजारून चालत होती.

"गेले का?" एका दुकानदाराने गल्ल्यावरून विचारलं.

"अजून नाही!" बाकावरून मास्तरच ओरडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. तो लाल नव्हता, गरम नव्हता, दुखतही नव्हता. तरी त्यांनी पोटरीवर गार मलम चोपडून सोनोग्राफी केली. मशीनमधून सूं, सूं असा आवाज येऊ लागला.

"हे तुमचं रक्त वाहतंय. शिरा मोकळ्या आहेत. गाठबीठ काही नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ खंबीर राहिलेली बायको आता कुठे रडू लागली आणि रडता रडताच तिने मास्तरांच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"मग ही जाड कशी?" मास्तरांनी दंड चोळत विचारलं.

"काम काय करता?"

"शिंपी आहे. पायमशीन."

"पाय कुठला चालवता?"

"डावा. उजवा नुसता टेकलेला असतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग ही मेहनतीची पोटरी आहे! पण एकच पाय अचानक सुजला, दुखला, तर असेच लगेच या. तपासून घेतलंत ते बरं केलंत."

परतताना बाकाचं एक टोक मास्तरांनाच धरायला लावलं. जगलो याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की त्याचं ओझंही वाटलं नाही. दुकानात पाऊल टाकलं मात्र, आणि तो आनंद ओसरला. टेबलावर कोटाचे तुकडे मांडलेले होते.

"कापलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना!"

"अगं, मी मरत होतो तेव्हा!"

मास्तरांनी टेप काढला. डावा पुढचा भाग मोजला, उजवा मोजला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! दोन्ही बाजू सारख्या नाहीत!"

"वकीलसाहेबांचे खांदे तरी कुठे सारखे आहेत?" मुलगी शांतपणे म्हणाली. "जड पिशवी वागवून उजवा उतरलाय. तुम्ही सारखं कापता, मग चुणी पडते, मग उसवत बसता. कितीदा बघितलंय मी."

मास्तरांनी तुकडे उचलून उजेडात धरले. खाली ठेवले. पुन्हा उचलले.

"काय हो, एक बाजू जास्त भरली?" बायकोने इस्त्रीवरून मान वर करून विचारलं. "कोटालाही न्यायचं का बाकावरून?"

मास्तर आधी गालातल्या गालात आणि मग खो खो हसले.

"दोरा आण इकडे," ते मुलीला म्हणाले. "तू कापलंयस ते शिवतो मी."