जावईबापूंनी ‘थांबा’ म्हटलं नाही

“हा फोटो कुणी काढला?” मास्तरांनी विचारलं.

“चौकातल्या कॅमेऱ्याने,” बायको म्हणाली. “आई किती छान आलीय बघा.”

सासूबाई खरंच छान आल्या होत्या. स्टिअरिंगवर ताठ बसलेल्या, नजर समोर, दोन्ही हात मास्तरांनी शिकवले होते अगदी तिथेच. वर सिग्नल लालभडक. आणि शेजारच्या सीटवर, गाडीच्या दारावर ज्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी रंगवलेली होती ते खुद्द मास्तर, मान खिडकीला टेकवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. नोटिसा तीन होत्या. दुसऱ्या फोटोत चौक वेगळा, सिग्नल तितकाच लाल आणि मास्तरांची मान आणखी खाली. तिसऱ्या फोटोत मास्तर शोधावे लागत होते.

आता माणूस शिकवता शिकवता झोपतो कसा, असं कुणी विचारील. त्याने एकदा मास्तरांच्या जागी बसून पाहावं. पहाटे नोकरीवाल्यांची शिकवणी, मग गृहिणींची, मग रिटायर लोकांची, संध्याकाळी पुन्हा नोकरीवाल्यांची. दिवसभर दुसऱ्याच्या हातात आपला जीव द्यायचा आणि वर “अहो ब्रेक! ब्रेक! क्लच कुठे चाललाय तुमचा?” असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. त्यात घरच्या म्हणून सासूबाईंना दुपारची वेळ दिलेली, म्हणजे मास्तरांची उरलीसुरली वामकुक्षीही गेली. सासूबाईंना बहिणीकडे जायला दर वेळी कुणाची तरी मिनतवारी करायचा कंटाळा आला होता. त्यांनी या वयात गाडी शिकायची ठरवली, आणि सासूबाईंनी ठरवलं की ठरलं.

“पण तीन तीन सिग्नल?” मास्तर हताशपणे म्हणाले. “आई, तुम्हाला लाल दिवा दिसला नाही का?”

“दिसला की.” सासूबाई पालक निवडत होत्या. “तुम्ही थांबा म्हणाला नाहीत.”

 मास्तरांच्या स्कूलचा तो पहिला नियम होता. माझा शब्द आल्याशिवाय गाडीत काहीही करायचं नाही. थांबा म्हटलं तर थांबायचं, वळा म्हटलं तर वळायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. त्या दिवशी मास्तरांनी शेवटचा शब्द उच्चारला होता तो म्हणजे “सरळ.” म्हणून सासूबाई सरळ गेल्या. गाव मागे पडलं तरी सरळ गेल्या. शेवटी रस्ता एका बंद कारखान्याच्या भिंतीपाशी संपला, तेव्हा त्यांनी जावयाच्या खांद्याला हलकेच हात लावून विचारलं होतं, “पुढे भिंत आहे. काय करू?”

एक सिग्नल तोडला असता तर दंड भरून प्रकरण मिटलं असतं. पण शिकाऊ गाडीने एकाच दुपारी तीन तोडले, म्हणून ते थेट कोर्टात गेलं, आणि नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की शिकवण्याचा परवाना रद्द का करू नये ते सांगा. परवाना गेला की स्कूल गेलं, आणि मास्तरांना या वयात दुसरं काही येत नव्हतं.

दोन रात्री ते विचार करत बसले. जागा होतो म्हणावं, तर शिकवणाऱ्यानेच सिग्नल तोडायला लावला असं होतं. झोपलो होतो म्हणावं, तर झोपलो होतो असं होतं.

“चूक शिकणाऱ्याची, असं सांगितलं तर?” त्यांनी चाचरत बायकोला विचारून पाहिलं.

“सांगा ना,” बायको गोड आवाजात म्हणाली. “आईचं शिकाऊ लायसन्स जाईल. मग ती रोज तुम्हाला म्हणेल, बहिणीकडे सोडा. आणि मी तुमच्याशी बोलणार नाही ते वेगळंच.”

तो मार्गही असा बंद झाला.

कोर्टात पंखा फिरत होता, पण वारा कुणाच्याच अंगाला लागत नव्हता. न्यायाधीशबाईंच्या समोर फायलींचा ढीग होता आणि चेहऱ्यावर असा थकवा की मास्तरांना त्या एकदम आपल्यातल्याच वाटल्या. सरकारी वकिलांनी फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. भिंतीएवढं उघडं तोंड बघून मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाकं भरलेली होती, कारण त्या दिवशी सगळ्या सिग्नलवाल्यांच्याच तारखा होत्या. मास्तरांना वाटलं, संपलं. परवाना राहिला तरी आता या गावात आपल्याकडे कोण येणार?

“हे तुम्हीच का?” बाईंनी विचारलं.

“हो मॅडम.”

“झोपला होतात?”

मास्तरांनी तोंड उघडलं. दोन रात्री मनात घोळवलेलं सगळं विसरून गेलं. “हो मॅडम,” ते म्हणाले. “फार दमलो होतो.”

सरकारी वकील खूश झाले. “मॅडम, या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. म्हणजे कायद्याने गाडी हेच चालवत होते. झोपेत!”

“आजी, तुम्ही पुढे या,” बाई म्हणाल्या. “सिग्नल लाल होता, हे कळलं होतं तुम्हाला?”

“लाल म्हणजे थांबायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं,” सासूबाई पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाल्या.

“मग थांबला का नाहीत?”

“आमच्या गाडीत स्वतःला कळून चालत नाही. पहिल्या दिवशी मी माझ्या मनाने ब्रेक दाबला, तर जावईबापू केवढे ओरडले! म्हणाले, गाडीत बसताना डोकं घरी ठेवून यायचं. तेव्हापासून मी ठेवून येते.”

मागे हशा झाला. मास्तर खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“त्यांना उठवायचं तरी!”

सासूबाई कठड्यावरून जरा पुढे झुकल्या. “खरं सांगू का मॅडम? उठवावंसं वाटेना. एरवी ते शेजारी बसले की माझे हातपाय लटपटतात. क्लच सोडायचा तर गिअर पडतो, गिअर टाकायचा तर गाडी बंद पडते. त्या दिवशी ते झोपले आणि मला पहिल्यांदा गाडी चालवता आली. एकदाही बंद पडली नाही. मध्ये एक म्हातारबाबा रस्ता ओलांडत होते, तिथे थांबले. ते गेले, मग निघाले.”

“तिथे कुणी थांबा म्हटलं होतं?”

“माणसासाठी थांबायला सांगावं लागतं होय?”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग बराच वेळ त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. सरकारी वकील काही बोलायला लागले, तर त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं.

“दंड भरा,” त्या मास्तरांना म्हणाल्या. “परवाना राहू देते, कारण तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण उद्यापासून विद्यार्थ्यांना डोकं बरोबर आणायला सांगायचं. आणि पुन्हा गाडीत डोळा लागला, तर परवाना कायमचा गेला म्हणून समजा. कुणी फोटो काढलेला असो वा नसो. कळलं?”

“कळलं मॅडम.” मास्तरांनी हात जोडले. सासूबाईंचं लायसन्सही वाचलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात ते घाम पुसत उभे होते, तोच कोर्टातले कारकून मागून घाईघाईने आले. मास्तरांना वाटलं, सही राहिली असेल.

“मास्तर, तुमच्याकडे जागा आहे का शिकायला?” कारकुनांनी इकडेतिकडे बघत हळूच विचारलं. “तीन स्कूल सोडली मी. सगळीकडे शेजारी बसून ओरडतात हो. तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, शिकायचं तर यांच्याकडेच.”

त्यांच्या मागे मागच्या बाकावरच्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांच्या मागे आणखी कुणीतरी. ज्या फोटोने आपली अब्रू जाणार म्हणून मास्तरांना झोप लागत नव्हती, तो फोटो आठवड्याभरात घराघरात पोचला आणि स्कूलसमोर रांग लागली. दुसरी गाडी घ्यावी लागेल असं बायको म्हणू लागली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. कारकून स्टिअरिंगवर बसले, मास्तर शेजारी बसले, डोळे टक्क उघडे, कोर्टाचा हुकूम डोक्यात. कारकुनांनी किल्ली फिरवली आणि गाडी गचके खाऊन बंद पडली.

“मास्तर, तुम्ही असे बघू नका ना,” ते कळवळून म्हणाले. “मला घाम फुटतो. त्या फोटोतल्यासारखे बसा. मी त्यासाठी तर आलो.”

“अहो, झोपलो तर माझा परवाना जाईल!”

“मग झोपू नका. नुसते डोळे मिटा.”

मास्तरांनी मान खिडकीला टेकवली, तोंड थोडं उघडं टाकलं आणि पापण्यांच्या फटीतून रस्त्यावर नजर ठेवली. पाय ब्रेकवर ताठ. गाडी लोण्यासारखी निघाली. मग कोर्टातल्या बाकावरच्या एक बाई आल्या, त्यांनाही तसंच हवं होतं. “मास्तर, जरा घोरलात तर फार बरं वाटेल,” असंही एक रिटायर गृहस्थ म्हणाले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मास्तर झोपेचं सोंग करायचे आणि त्या सोंगात खरी झोप शिरू नये म्हणून आतल्या आत स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचे. ओरडण्याने दमायचे त्याच्या दुप्पट ते आता गप्प राहून दमू लागले. पण विद्यार्थी भराभर पास होत होते, आणि पास झालेले नवे पाठवत होते.

महिन्याभराने एका संध्याकाळी ते घरी आले आणि बूट न काढताच पलंगावर आडवे झाले. दिवसभरात पहिल्यांदाच डोळे मिटताना मनात कसली भीती नव्हती. अंग जड झालं, श्वास लांबला.

तेवढ्यात बायको खोलीत आली. कमरेवर हात ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, कमाल आहे हं तुमची!” ती म्हणाली. “सगळं गाव सांगतंय, दिवसभर गाडीत झोपूनच असता म्हणून. आता घरी येऊनही झोपच? उठा, घरात भाजीची एक काडी नाही.”

मास्तर उठले. पिशवी कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं.