तिसऱ्या चंद्रामागचे शेदली

मित्र कुठे आहे हे माणसाला अंदाजानं ठाऊक असलं तरी भागतं. शत्रू मात्र कुठे आहे हे अंशापर्यंत माहीत असावं लागतं. म्हणूनच जगात मैत्रीपेक्षा शत्रुत्वाची निगा जास्त चोख राखली जाते. स्फाक्स शहरातल्या मोंजी गर्फाली यांनी ती तीन वर्षं, एकही रजा न घेता, राखली.

मोंजी छप्पन्न वर्षांचे, बंदराच्या कचेरीत कारकून. फावल्या वेळात ते अंतराळयुद्धाच्या एका खेळात ‘जैतून पथका’चे मुख्य शोधाधिकारी असत. जहाजावरच्या स्कॅनरनं शत्रू हुडकायचा, हे त्यांचं काम. पद्धत अशी: आधी तीनशे साठ अंशांत बटण दाबायचं, म्हणजे आसपासच्या सगळ्या जहाजांची यादी येते. मग कोन निम्मा करायचा. नाव यादीत टिकलं तर शत्रू समोर, गळलं तर पाठीमागे. असं करत करत पाच अंशांवर आलं की तो कुठल्या चंद्रामागे दडलाय ते कळतं. मोंजी हे बटण मिनिटाला तीस वेळा दाबत. (कचेरीतला शिक्का ते दिवसाला तीस वेळा मारत. पण तिथे शत्रू नव्हता, नुसती जनता होती.)

शत्रू एकच होता. ‘निवडुंग पथका’चे शेदली गर्फाली, वय त्रेसष्ट, निवृत्त भूगोल शिक्षक, मोंजींचे सख्खे थोरले भाऊ. राहायला खालच्या मजल्यावर, एकटे. बायको वारलेली, मुलं परदेशी. तीन वर्षांपूर्वी शेदलींनी गच्चीवरची पाण्याची टाकी सावलीत सरकवली आणि वरच्या मजल्याच्या नळाची धार बारीक झाली. त्यावरून जे बोलणं झालं त्यानंतर बोलणं झालं नाही. शेदलींनी महिन्याभरात संगणक घेतला, खेळ शिकून घेतला आणि शोधून शोधून विरुद्ध पथकात नाव घातलं.

तीन वर्षांचा ताळेबंद असा: मोंजींनी शेदलींची जहाजं उडवली अडतीस, शेदलींनी मोंजींची एक्केचाळीस. एकमेकांशी उच्चारलेले शब्द, शून्य. खेळातलं सरासरी अंतर चौदा कोटी किलोमीटर. घरातलं, अकरा पायऱ्या.

जुलैमधल्या एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास, मोंजींनी बटण दाबलं आणि शेदलींचं जहाज यादीत आलं. पाच अंश, तिसऱ्या चंद्रामागे. पुन्हा दाबलं. तिथेच. वीस मिनिटं झाली, तरी तिथेच.

“सापडलं ना?” कानातल्या यंत्रातून पथकप्रमुख रौदा बिन अय्याद यांनी विचारलं. त्या व्यवसायानं दंतवैद्य, त्यामुळे थांबणं त्यांना जमत नसे. “कोन सांगा, मोंजीसाहेब. चौदा जहाजं तोफा भरून उभी आहेत.”

“थांबा,” मोंजी म्हणाले. “तो हलत नाहीये.”

“मग बरंच की!”

“बरं नाहीये. तो चार मिनिटांच्या वर एका जागी राहत नाही. चहाला उठला तरी जहाज आधी बंदरात लावतो. नमाजाला लावतो. अहो, संडासला जातानासुद्धा लावतो.”

कुठल्याही पथकानं शत्रूचा इतका सखोल अभ्यास केला नव्हता.

मोंजींची बायको नजिबा दारात उभी राहून ऐकत होती. “मोंजी, खाली जाऊन बघ ना.”

“आमचं बोलणं नाही.”

“मग न बोलता जा.”

मोंजींनी घाम पुसला. “कोन!” रौदाबाई ओरडल्या. मोंजींनी नेमक्या उलट्या दिशेचा कोन सांगितला. चौदा जहाजं एका निर्जन लघुग्रहावर तुटून पडली, आणि मोंजी चपला न घालता जिना उतरले.

दार आतून कुलूपबंद. हाका मारल्या, धक्के दिले. मागून नजिबा आली आणि तिनं कमरेच्या खिशातून किल्ली काढून दार उघडलं.

“ही तुझ्याकडे कशी?”

“रोज जेवण कोण पोचवतं त्यांना? आज मुलूखियाचा रस्सा होता.”

“तीन वर्षं?”

“तू स्कॅनरवर असायचास.”

शेदली स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. मिनिटभराचं काम म्हणून जहाज तसंच सोडून वरच्या फळीवरची बरणी काढायला स्टुलावर चढले होते. स्टूल एकीकडे, बरणी दुसरीकडे, आणि मधे ते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ कोरडे, रंग पांढराफटक. मोंजी गुडघ्यावर बसले. नजिबानं दवाखान्याची गाडी बोलावली.

“सीदी,” मोंजी म्हणाले. लहानपणापासून थोरल्या भावाला ते हेच म्हणत. “सीदी, ऐकू येतंय का?”

शेदलींनी डोळे उघडले. “कसं कळलं तुला?”

“तिसऱ्या चंद्रामागे तुमचं जहाज हलत नव्हतं.”

“दुसऱ्या,” शेदली कण्हत म्हणाले. “तो दुसरा चंद्र. मोजणी आतून बाहेर करतात, गाढवा. मी तुला शाळेत शिकवलंय.”

“तिसरा आहे, सीदी.”

“दुसरा!”

गाडी येईपर्यंत पाऊण तास हा वाद चालला. मोंजींनी मांडीवर घेतलेलं भावाचं डोकं एकदाही खाली ठेवलं नाही, आणि आपला मुद्दाही सोडला नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. जैतून पथकानं मात्र रीतसर चौकशी मांडली. आरोप: शत्रूस जाणीवपूर्वक जीवदान. मोंजींनी तो लेखी मान्य केला आणि ते पदच्युत झाले. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून रौदाबाईंनी सर्व सभासदांकडून एक माहितीपत्रक भरून घेण्याचं ठरवलं. कोणाचे कोणी नातलग शत्रुपक्षात आहेत का, वगैरे. त्यातला रकाना नऊ असा होता: ‘आपलं सख्खं भावंड या क्षणी नेमकं कुठे आहे?’

शत्रूचं ठिकाण पाच अंशांत सांगणारी ही माणसं. तेराही पत्रकांत रकाना नऊ कोरा आला. चौदावं पत्रक रौदाबाईंचं. त्यांनी त्यात ‘बहुधा ठीक’ असं लिहून खोडलं होतं. पुढल्या बैठकीत तो रकाना अनावश्यक म्हणून वगळण्यात आला.

वाचकांनी मात्र तो भरायला हरकत नाही. अवघड काहीच नाही. फोन उचलायचा, भावंडाचं नाव शोधायचं, नावाखाली ‘लास्ट सीन’ची वेळ असते ती बघायची, आज सकाळचीच आहे म्हणजे ठीकच असणार असं म्हणायचं, आणि फोन न लावता खाली ठेवायचा. यालाच स्कॅनर म्हणतात. तो तुम्हाला उत्तम चालवता येतो.