बेहरामशेटच्या जीपची पुढची सीट

होशंग इराण्याची पांढरी गाडी पाड्यात शिरली तेव्हा जमनाबाई आपल्या सीटवर बसून वाल सोलत होती. सीटवर बसलेली जमनाबाई कोणासाठी उठत नसे. सरपंच आला तेव्हा उठली नाही, मोजणीचा साहेब आला तेव्हा उठली नाही. मुलाच्या, उमेशच्या, सोयरिकीचे पाहुणे आले तेव्हा पाहुणे खाली चटईवर आणि ही वर, अशीच सगळी बोलणी झाली. त्यातूनच पुष्पा सून म्हणून आली. पुष्पा अजून म्हणते, मी त्याच दिवशी समजायला हवं होतं.

ओटीवरची ती सीट जीपची होती. काळं रेक्झिन, एका कडेला फाटलेलं, आतून काथ्या डोकावणारा. जीपची म्हणजे कुठलीही नाही, ड्रायव्हरच्या शेजारची. पुढची.

लग्न झाल्या झाल्या जमना आणि तिचा नवरा शुक्रा सायवनकडचा हा पाडा सोडून डहाणूला बेहरामशेट इराण्याच्या चिकूवाडीत कामाला गेले होते. शेटकडे विलायती लँड रोव्हर जीप होती, हिरवी. शेटनं शुक्राला ती चालवायला शिकवलं आणि पुढची बावीस वर्षं शुक्रानं ती चालवली. रोज चिकूच्या पेट्या स्टेशनवर पोचवायच्या. पुढे शुक्रा, त्याच्या शेजारी शेटचा कुत्रा, आणि मागे पेट्यांवर, पेट्या धरायला, जमना. बावीस वर्षांत कुत्रे तीन झाले. जमना एकच राहिली आणि मागेच राहिली.

मागून नवऱ्याचं तोंड दिसत नसे. दिसायची ती त्याची उन्हानं भाजलेली मान आणि डोक्यामागचे दोन भोवरे. त्यानं वळून बघावं म्हणून ती ओरडायची, "हळू हाक, चिकू दबतील!" झाडावरून उतरवलेला चिकू दगडासारखा असतो, त्यावर म्हैस बसली तरी तो दबत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी शुक्रा वळायचा, हसायचा आणि म्हणायचा, "एक दिवस पुढं बसवीन तुला."

शेट गेले, वाडी विकली गेली. शेटच्या मुलांनी जीपचं इंजिन काढून घरच्या पाण्याच्या पंपाला जोडलं आणि उरलेली जीप शुक्राला देऊन टाकली. शुक्रानं ती एका टेम्पोला दोरानं बांधली, स्टिअरिंगवर बसला आणि शेजारची सीट झटकून म्हणाला, "ये. आता कुत्रा नाय."

"ओढत नेलेल्या गाडीत मी बसायची नाय," जमना म्हणाली. "मेलेलं ढोर आहे का ते? चालती कर, मग बसेन." आणि ती एस.टी.नं आली.

जीप काही चालती झाली नाही. शुक्राचा स्वभाव असा, की कोणी काही मागितलं तर नाही म्हणायला तोंड उघडायचं नाही. शेजारच्या लडक्याला खिडकी हवी होती, त्याला जीपची पुढची काच गेली. कोणाला शेळ्यांच्या कुडाला दार हवं होतं, कोणाला खुराड्यावर छप्पर. दहा वर्षांत जीप पाडाभर झाली आणि मागे उरला सांगाडा, त्यावर भोपळ्याचा वेल चढला. मग शुक्राही गेला. सीट तेवढी जमनाबाईनं कोणाला दिली नाही.

तर होशंग हा बेहरामशेटचा नातू. मुंबईला मोठा झालेला, उंच, गोरा, घामानं डबडबलेला. गाडी त्याच कंपनीची, पण आताची. इतकी उंच आणि इतकी चकचकीत की पुष्पानं तिच्या दारात बघून केस नीट केले.

"मावशी, हुं होशंग. बेहराम बपावाजींचा पोता," त्यानं वाकून हात जोडले. "बपावाजीची जीप शोधतोय. इंजिन पंपावरून सोडवलंय, मी पाछी, परत चालू करणार. बधा, सगळे पार्ट ओरिजिनल पायजेत."

"बस," जमनाबाई चटईकडे बोट दाखवत म्हणाली.

होशंग चटईवर बसला आणि त्यानं कंपनीचा इतिहासच काढला. महायुद्ध संपलं होतं, विलायतेत एक इंजिनीअर समुद्रावर गेला आणि त्यानं काठीनं वाळूत या जीपचं चित्र काढलं. लोखंड मिळत नव्हतं, म्हणून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. रंग लष्कराचा उरलेला, म्हणून हिरवी.

"वाळूत काढली?" जमनाबाईनं विचारलं. "मग भरतीला पुसली नाय?"

"ते... पुसली असेल, मावशी. पण त्याच्या डोक्यात राहिली ना."

जमनाबाईनं हातातला वाल सोलून टाकला. मग म्हणाली, "डोक्यात राहतं खरं. आणि ॲल्युमिनियमचं आम्हाला नको सांगू. पंधरा पावसाळे खुराड्यावर आहे, गंजाचा ठिपका नाय. आमच्या कोंबड्यांना तुझ्याआधी ठाऊक आहे."

होशंग उडालाच. "बोनेट आहे? तुमच्याकडे?"

बोनेट खुराड्यावर होतं. त्यावर जिथं स्टेपनी बसायची त्या गोल खळग्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. ते बघून होशंगच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात स्टिअरिंग जमिनीवर ठेवून त्यात पाण्याचा हंडा बसवला होता, डुलू नये म्हणून. उजवीकडचं दार लडक्याच्या शेळ्यांच्या कुडाला. दिव्याची वाटी लडक्याच्याच हातात, आणि तिच्यात ताडी.

"लडक्याकाका, ते हेडलाइट आहे," होशंग कळवळून म्हणाला.

"असू दे," लडक्या म्हणाला. "माझा पण उजेड यातूनच पडतो."

पाड्यातली माणसं चांगली. शेटच्या नातवाला आजोबाची आठवण हवी, तर घेऊन जा म्हणाली. होशंग म्हणाला, उद्याच नवे पत्रे, नवं दार, नवी भांडी, सगळं टेम्पोनं पाठवतो. इथपर्यंत ठीक होतं. पण श्रीमंत माणसाला धीर नसतो. "आजच काढू," म्हणून त्यानं पार्ट आत टाकायला गाडीचे चारी दरवाजे उघडले, आत गारवा राहावा म्हणून इंजिन चालूच ठेवलं, आणि स्वतः पाना घेऊन भिडला.

"अरे, उद्याचे पत्रे उद्या येतील, कोंबड्या आज आहेत," जमनाबाई सीटवरून म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

बोनेट उचललं आणि खुराड्यातल्या अकरा कोंबड्या एकदम आकाश बघून बाहेर पडल्या. त्यांना धरायला लडक्या ताडी सांडत धावला. तो कोंबड्यांमागे असताना इकडे होशंगनं कुडाचं दार काढलं. शेळ्यांना दार नसणं म्हणजे काय हे समजायला वेळ लागत नाही. बाहेर चैताचं ऊन, जमीन तव्यासारखी, आणि पाड्यात गार हवा येणारी एकच जागा. शेळ्या सरळ गाडीत चढल्या. चार शेळ्या आणि लडक्याचा दाढीवाला बोकड.

"सीट! माझी सीट!" होशंग ओरडला. आतली सीट पांढऱ्या कातड्याची होती.

"थांबा, मी पळू देत नाय त्यांना," म्हणत पुष्पा पुढे झाली, आणि चटचट चारी दरवाजे लावून मोकळी झाली. शेळी सापडली की कोंडायची, ही तिची माहेरची शिकवण. शेळ्या खरोखरच पळाल्या नाहीत. बोकडानं पुढचा एक पाय दरवाज्याच्या आतल्या बटणावर ठेवला, टक् असा आवाज झाला, आणि गाडी आतून बंद.

"चावी?" लडक्यानं विचारलं.

होशंगनं आत बोट दाखवलं. चावी पुढच्या कप्प्यात होती. एक शेळी ती हुंगत होती.

"दुसरी चावी?"

"मुंबईला. दादरला."

होशंगनं फोन काढला. रेंज नव्हती. तो फोन उंच धरून टेकाडावर गेला, रेंज तिथंही नव्हती, आणि येताना त्याच्या पांढऱ्या बुटात काटा घुसला. लडक्या दगड घेऊन आला, तेव्हा होशंग काच फोडायला तयार होईना. आत शेळ्या गार हवेत रवंथ करत बसल्या. बोकड मात्र पुढे गेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर नीट बसला आणि काचेतून सगळ्यांकडे बघू लागला.

ते बघितलं आणि जमनाबाई उठली. सरपंचासाठी न उठलेली जमनाबाई.

"आधी कुत्रा," ती गाडीजवळ येऊन म्हणाली. "एक नाय, तीन कुत्रे. आता बोकड. माझा नंबर कधी लागणार आहे?"

पुष्पानं उगाच पदर सारखा केला.

"मावशी," होशंग रडकुंडीला येऊन म्हणाला, "तमे कंई करा. तुम्ही म्हणाल ते देतो."

"गाडी उघडून देते. मग पुढं मी बसणार."

"बसा! रोज बसा!"

जमनाबाईनं घरातून पत्र्याच्या डब्यात बाभळीच्या शेंगा आणल्या आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेशी डबा खुळखुळवला. त्या आवाजाला शेळी झोपेतूनही उठते. बोकड ड्रायव्हरच्या सीटवर उडी मारून आला आणि काचेवर नाक लावून उभा राहिला. पुढचे दोन्ही पाय दारावरच्या बटणांवर. शेंगांसाठी त्यानं जितकं दाबलं, तितकी काच घसरत खाली गेली. होशंगनं हात घालून दार उघडलं, आणि मग शेळ्या काढायला, लेंड्या झाडायला आणि कातडं पुसायला अख्खा तास गेला. पुष्पानं आपली जुनी साडी दिली. तेवढी भरपाई पुरे असं तिचं मत.

मग जमनाबाई तोंड धुऊन, नवं लुगडं नेसून पुढे बसली. होशंगनं काचा वर केल्या आणि सायवनच्या रस्त्यानं गाडी नेली. जमनाबाई समोर बघत होती. झाडं मागे जात होती. जरा वेळानं तिनं विचारलं, "सुरू केली का?"

"मावशी, साठच्या स्पीडनं आहे."

"मग आवाज कुठाय? वास नाय, धूळ नाय, अंग हलत नाय. दवाखान्यात निजवल्यासारखं वाटतं." आणखी जरा वेळानं म्हणाली, "फिरव मागं."

घरी येऊन ती आपल्या सीटवर बसली. होशंगची यादी पुरी झाली होती, फक्त तीच उरली होती. त्यानं हळूच विचारलं, "मावशी, सीट?"

"सांगाडा ने, बाकी सगळं ने. सीट नाय. ज्या दिवशी ती जीप चालत माझ्या दारात येईल, त्या दिवशी मी स्वतः सीट उचलून तिच्यात ठेवीन आणि बसेन. ओढत आणलीस तर दगड मारीन."

होशंग गेला. नवे पत्रे दुसऱ्या दिवशी खरंच आले. पावसाळा गेला, भात कापून झालं, जीपचं काही नाव नाही. लडक्या म्हणे, "शेटलोकांचं काय खरं?" जमनाबाई मात्र संध्याकाळी सीट रस्त्याच्या बाजूला वळवून बसे.

फाल्गुनात एके दिवशी दुपारी आवाज आला. आधी आवाज, मग धूळ, मग वास, आणि सगळ्यांत शेवटी जीप. हिरवीगार. होशंगला तो जुना गिअर काही जमला नाही म्हणून त्यानं तलासरीच्या हायवेवर उमेशला बोलावून घेतलं होतं. उमेश कंपनीची बस चालवतो आणि जीपचा गिअर लहानपणी बापाच्या मांडीवर बसून शिकलेला. स्टिअरिंगवर उमेश, मागच्या पत्र्यावर होशंग, आणि शेजारी पुढे रिकामी जागा. चार बोल्टची भोकं तेवढी.

जमनाबाईनं सीट खरोखरच एकटीनं उचलली. होशंगनं बोल्ट आवळले. सगळा पाडा बघत होता. बोकडही आला होता, त्याला लडक्यानं धरून ठेवलं. जमनाबाई चढली, पदर आवळला आणि पुढे बसली. चाळीस वर्षांनी.

तिनं शेजारी बघितलं. उमेशनंही तिच्याकडे बघितलं आणि हसला. नाक तिचं, जिवणी तिची, रागीट भुवईसुद्धा तिचीच. जन्मल्यापासून सगळे म्हणत आले होते की पोर आईवर गेलंय. आरशात बघावं तसं तिला झालं. आरसा बघायला एवढी वर्षं कोण थांबतं?

ती खाली उतरली.

"काय झालं, आई?" पुष्पा धावत आली. "टोचतंय काय?"

"होशंग, तू ये पुढं," जमनाबाई म्हणाली. "मी मागं बसते."

"अरे मावशी, पण सीट तुमची! एटला वर्ष, इतकी वर्षं तुम्ही..."

"शेटच्या घरचं कोणीतरी पुढं हवंच. कुत्रा नाय तर तू."

आणि ती मागे चढून पत्र्यावर पाय दुमडून बसली. जीप निघाली. खडखडाटात, धुळीत, हादऱ्यात तिनं एक हात कडेला धरला आणि समोर बघितलं. उमेशची भाजलेली मान. डोक्यामागे दोन भोवरे, जिथल्या तिथं.

"हळू हाक," ती ओरडली, "चिकू दबतील!"

मागे एकही पेटी नव्हती. उमेश चकित होऊन वळायला लागला.

"मागं बघू नको," जमनाबाई म्हणाली. "समोर बघ."