रशीदभाईंचे अकरा बुश

रशीदभाई कुठल्याही लोखंडाला आधी उलटा हात लावत. कपाट असो की फाटक, बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, थांबायचं, मगच धरायचं. अकोल्यात आमच्या मॅनेजरच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजवर चढण्याआधी त्यांनी मंडपाचा खांब असाच तपासला. मागे आहेराची रांग खोळंबली.

"चला ना भाई," मी म्हणालो.

"सरळ हातानं धरलं अन् करंट असला, तर मूठ सुटत नाई, साहेब."

नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते आणि मी स्टोअर सांभाळत होतो. माझ्या सहीशिवाय खिळाही बाहेर पडत नसे.

रशीदभाईंचा सगळ्यात मोठा संशय एका जागेवर होता. वायरीचा लोखंडी पाइप स्विचच्या पेटीत शिरतो, ती जागा. नट आवळला की पाइपाला अर्थिंग मिळालं, असं बाकीचे मानत. "भोक मोठं, त्यावर वायसर, वायसरखाली रंग. मंग अर्थिंग लागन कुठून?" असं ते विचारत. अशा ठिकाणी ते पाइपाच्या तोंडावर पितळी अर्थिंग बुश, म्हणजे तार आवळायच्या स्क्रूचं कडं, बसवत आणि तांब्याच्या तारेनं तो पेटीला जोडत.

माझा संशय रशीदभाईंवर होता. एवढं पितळ, एवढं तांबं लागतं कशाला? त्यांनी कँटीनसाठी बुश मागितले, तेव्हा मी चिठ्ठीवर 'गरज नाही' लिहून ती परत केली.

"काहून साहेब? तिथं बाया ओल्या हातानं काम करतेत."

"नट घट्ट आवळा."

"आवळलाच हाय. पण मले नटावर भरोसा नाई."

"माझ्यावर तरी आहे का?"

त्यांनी जरा विचार केला. "तुमाले बी आधी उलटा हात लावून पाहा लागन."

पुढं मी मशीनवरचे बुश मोजले. तीस दिले होते, लागले होते एकोणीस. मी थेट मॅनेजरकडे गेलो. पितळ रशीदभाईंच्या जेवणाच्या डब्यातून बाहेर जातं, मी डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर, सगळ्यांसमोर, त्यांचा डबा तपासणं सुरू झालं. रशीदभाई स्वतःच झाकण काढत. "वांग्याची भाजी हाय, भाऊ. बुश टाकून पाह्यला होता, पण तो शिजत नाई." पंधरा दिवस त्यांनी असं हसवलं. मग नोकरी सोडून बायकोसह आपल्या गावी, बाळापूरला निघून गेले.

वर्षभरानं कँटीनची वायरिंग बदलताना पेट्या उघडल्या. अकरा पाइप, अकरा बुश, प्रत्येकाची तार नीट आवळलेली. मग मशीनच्या बुश नसलेल्या अकरा पेट्या पाहिल्या. त्यांची भोकं नेमक्या मापाची होती, आतला रंग खरवडलेला होता. तिथं नुसता नट पुरत होता. वाचलेले बुश त्यांनी मी नाकारलेल्या जागी लावले होते.

मॅनेजरपुढे तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. माफी मागायला बाळापूरला मात्र गेलो. दार भाभींनी उघडलं. मी नाव सांगताच त्यांनी पदर सावरला आणि आत हाक मारली, "अजी, नांदगाव के साहब आए!" मग मला म्हणाल्या, "नोकरी सोडली तवा तुमीच हार घालून गेटापर्यंत सोडलं म्हणे यांले. नेहमी सांगतेत."

मागे रशीदभाई उभे होते. माझ्याकडे पाहत त्यांनी मान किंचित हलवली. नाही.

"भाईंचं कामच तसं होतं," मी म्हणालो आणि बसलो. भाभींनी चहात साखर सढळ हातानं घातली होती. तो मी सगळा प्यालो.

रशीदभाई मला स्टँडपर्यंत सोडायला आले. "बुश सापडले?"

"सापडले."

"तारा ढिल्या तर नव्हत्या ना?"

"नाही."

"मंग ठीक," ते म्हणाले. मला माफीचं बोलू न देता त्यांनी एसटीत बसवलं.

गेल्या हिवाळ्यात भाभी गेल्या. महिन्याभरानं रशीदभाईंचा फोन आला.

"आता बुशचं खरं सांगा साहेब, ज्याले सांगाचं त्याले. इथं ऐकाले आता कोणी नाई."